पॅसाडेनाचं गॅम्बल हाऊस (१९०८) : लाकडाचे सांधे न लपवणारं घर

डोंगरवाट

मंडळी, लॉस एंजेलिसला येणारे आपले बहुतेक लोक हॉलिवूड, डिस्ने, सँटा मोनिकाचा किनारा एवढं करतात आणि परत जातात, आणि तिथून जवळच पॅसाडेनात एक घर आहे ते राहून जातं, म्हणून हा धागा काढतोय. मी गेली काही वर्षं याच भागात राहतो, कुणी पाहुणे आले की त्यांना इथे नेतोच.

प्रॉक्टर अँड गॅम्बल, म्हणजे आपल्याकडे टाईड आणि एरियल विकणारी कंपनी, तिच्यातल्या गॅम्बल घराण्याची दुसरी पिढी म्हणजे डेव्हिड गॅम्बल. हे मूळचे ओहायोतल्या सिनसिनाटीचे. तिकडचा हिवाळा टाळायला त्या काळात पैसेवाले लोक पॅसाडेनात येऊन राहायचे, कोरडी हवा, ऊन भरपूर, छातीच्या विकाराच्या लोकांना तर डॉक्टरच इकडे पाठवायचे. डेव्हिड, त्यांची बायको मेरी, तीन मुलगे आणि मेरीची बहीण ज्यूलिया अशा कुटुंबासाठी १९०८ मध्ये घराचं काम सुरू झालं आणि १९०९ च्या सुरुवातीला घर उभंही राहिलं. फर्निचर त्यानंतर सावकाश येत राहिलं.

आर्किटेक्ट चार्ल्स आणि हेन्री ग्रीन, दोघे सख्खे भाऊ. यांच्याबद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की आर्किटेक्चर शिकायला एमआयटीला जायच्या आधी हे दोघं सेंट लुईसच्या एका शाळेत होते जिथे पुस्तकी अभ्यासाच्या बरोबरीने सुतारकाम आणि लोहारकाम हाताने करायला लावायचे. म्हणजे रंधा कसा चालतो, लाकूड कुठल्या बाजूने चिरतं, हे त्यांना कागदावर रेघ मारायच्या आधीपासून माहीत होतं आणि ते या घरात पावलोपावली दिसतं. १८९३ साली पॅसाडेनाला येताना वाटेत ते शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात थांबले आणि तिथे जपानने बांधलेली लाकडी वास्तू त्यांनी पाहिली असं सांगतात. (विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाचा भाग, तेच साल.) या घराचे उतरते छपराचे थर, लांब वळचणी, बाहेर काढलेले वासे बघितले की जपान आठवतोच.

आता घर. बाहेरून रेडवुडच्या फाडलेल्या फळकुटांनी मढवलेल्या भिंती, हिरवट रंगाच्या, त्यामुळे एवढं तीन मजली घर असूनही झाडांमध्ये मिसळून गेलेलं. वळचण इतकी पुढे आलेली की भिंतीवर दुपारी सावलीच सावली. आणि मग दार. सागवानी चौकटीत काचेचं अख्खं झाड, इथल्या ओकचं, वाकडं पसरलेलं, मधलं दार, बाजूची दोन दारं आणि वरची पट्टी असं सगळ्यांवर मिळून एकच झाड. काच रंगवलेली नाही, रंगीत काचेचेच तुकडे शिशात बसवलेत, एमिल लँग नावाच्या कारागिराने. घराचा दर्शनी भाग पूर्वेला, त्यामुळे सकाळी आत उभं राहिलं की ते झाड पेटल्यासारखं सोनेरी दिसतं आणि मागचा हॉल बऱ्यापैकी काळोखा असतो, मुद्दामच, डोळे आधी काचेकडेच जावेत म्हणून.

हॉल आणि बैठकीची खोली बर्मा टीकमध्ये, जेवणाची खोली होंडुरासच्या महोगनीत, स्वयंपाकघर मेपलमध्ये, वर सीडर. प्रत्येक खोलीचं लाकूड त्या खोलीच्या कामाप्रमाणे निवडलंय. पण लाकूड भारी आहे यात विशेष नाही, पैसे असले की येतं. विशेष आहे ते जिन्यात. जिन्याचा कठडा तिरका सरळ न जाता पायरी पायरीने वर चढतो आणि प्रत्येक वळणावर दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंफल्यासारख्या अडकवल्यात, ती बोटं पृष्ठभागाच्या किंचित वर आलेली, आणि एकाही कडेला धार नाही, सगळ्या कडा घासून गोल केलेल्या. आपण साधारणपणे जोड लपवतो, वर पट्टी मारतो, लांबी भरतो, पॉलिश मारतो. इथे जोड हाच दागिना केलाय. बाहेर तुळयांना लोखंडी पट्ट्या आहेत त्यासुद्धा तशाच, पट्टीत पाचरी ठोकून ती आवळलेली सरळ दिसते.

वरच्या मजल्यावर झोपायच्या खोल्यांना लागून तीन मोठ्या उघड्या गच्च्यासारख्या पडव्या आहेत, वर छप्पर, बाजू उघड्या. तिथे रात्री झोपायचं, मोकळ्या हवेत. समोरचं दार आणि मागच्या ओट्याकडचं दार एका रेषेत, मधल्या हॉलमधून वारा आरपार, आणि गरम हवा जिन्यावाटे चढून वरच्या माळ्याच्या खिडक्यांतून बाहेर. एसी नाही, काही नाही.

मागे ओटा आणि छोटं तळं, पलीकडे अरोयो सेकोची दरी. ओट्याच्या भिंतीत नदीतले गोटे आणि त्यात मिसळलेल्या खंगर विटा. हो, खंगरच, भट्टीत जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकलेल्या, ज्या आपल्याकडे वीटभट्टीवाला बाजूला ढीग लावून टाकतो. गोट्यांकडून विटांकडे भिंत इतकी सावकाश सरकते की दगड कुठे संपला आणि वीट कुठे सुरू झाली कळत नाही.

चाळीसच्या दशकात घरातल्या पुढच्या पिढीने हे विकायला काढलं होतं म्हणे, आणि बघायला आलेल्या गिऱ्हाईक बाई बोलता बोलता म्हणाल्या की आतलं सगळं लाकूड आपण पांढरं रंगवून घेऊ, छान उजेड होईल. गॅम्बल मंडळींनी घर लगेच बाजारातून काढून घेतलं. १९६६ मध्ये त्यांनी ते पॅसाडेना शहराला आणि युएससीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या) आर्किटेक्चर स्कूलला मिळून दिलं, फर्निचरसकट, आणि १९७७ मध्ये ते राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू झालं. घर आणि त्याच घरासाठी केलेलं फर्निचर दोन्ही एकत्र टिकलंय हे फार दुर्मिळ.

कुणी पाहिलंय का? आणि आपल्याकडे त्याच काळातली अशी लाकडाची घरं कुठे बघायला मिळतील तेही सांगा.

कौलारू

अप्रतिम लिहिलंय. खंगर विटांचं वाचून बरं वाटलं, आमच्याकडे त्या पायात भर म्हणून टाकायचे, पाणी पीत नाहीत म्हणून.

एक शंका. फोटो शोधून बघितले तर वासे छपराच्या कडेच्याही पुढे आलेले दिसतात, म्हणजे टोकं उघड्यावर. आमच्या कोकणात असं कुणी करणार नाही, पागोळ्या त्या टोकांवरच पडणार आणि पाच पावसाळ्यांत वासा कुजणार. कोकणी घरात वासा कौलाच्या आतच थांबतो. तिकडे पाऊस नाही म्हणून चाललं का?

डोंगरवाट

@कौलारू बरोबर पकडलंत. पाऊस कमी आहे, आणि जो आहे तो हिवाळ्यात. म्हणून छपराचा उतारही इतका कमी चाललाय. पण वाशांची टोकं कुजलीच, ऊन तर वर्षभर आहे ना, लाकूड उन्हाने चिरतं आणि चिरेत पाणी शिरतं. २००३-०४ मध्ये बाहेरच्या लाकडाची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा वासे सरसकट कापून नवीन बसवले नाहीत, कुजलेला भाग तेवढा काढून जुनं लाकूड आतून घट्ट करून शक्य तेवढं मूळचंच ठेवलं. सुंदर दिसतं म्हणून ग्रीन बंधूंनी पत्करलेला तो धोका होता, आणि माझ्या मते घराचा निम्मा चेहरा त्या टोकांच्या सावल्यांमुळे आहे.

चौकट

मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात काम करतो, आणि ग्रीन अँड ग्रीन आम्हाला अभ्यासात होते. घर सुंदर आहे यात वाद नाही, पण "सांधे न लपवणारं" या शीर्षकाला माझा आक्षेप आहे. फर्निचरवर आणि दारांवर जे चौकोनी काळे ठिपके दिसतात, एबनी नावाच्या काळ्या लाकडाचे, लोकांना वाटतं की त्या लाकडी खुंट्या आहेत आणि त्यांच्यावर सांधा तोललाय. त्यातल्या बऱ्याचशांच्या खाली स्क्रू आहेत. एबनीचं चौकोनी बूच वरून बसवलंय, म्हणजे स्क्रू लपवलाच की. मग प्रामाणिक बांधकाम वगैरे म्हणताना जरा जपून म्हणायला हवं. यंत्राच्या मालाऐवजी हातकारागिरीचा आग्रह धरणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचं हेच दुखणं आहे, हाताने केल्यासारखं दिसण्याला हाताने करण्यापेक्षा जास्त भाव.

शिवाय हे घर कोणाचं, तर साबणाच्या कारखानदाराचं. कारखान्यात यंत्रावर माल काढून मिळवलेल्या पैशातून हातकारागिरीचं घर.

रंधा_पटाशी

चौकटसाहेब, आमचं वडिलोपार्जित सुतारकाम आहे, मी स्वतः आता फर्निचरचं वर्कशॉप चालवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग नसावा.

स्क्रू आहे हे खरं. पण तो स्क्रू तिथे का आहे ते बघा. टेबलाचा वरचा भाग घ्या. रुंद फळी असते, तिच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी लावायची असते, नाहीतर फळी वाकते. आता लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं, हे कितीही जुनं आणि वाळलेलं लाकूड असलं तरी होतंच. आडवी पट्टी जर सरस लावून पक्की केली तर फळी आखडताना जागा मिळत नाही आणि मधोमध चिरते, आमच्याकडे दुरुस्तीला येणारी निम्मी टेबलं अशीच फाटलेली असतात. ग्रीन आणि त्यांचे सुतार काय करायचे, पट्टीत स्क्रूसाठी गोल भोक न पाडता लांबट खाच पाडायचे. मग फळी फुगली आखडली की स्क्रू त्या खाचेत सरकतो, पट्टी जागेवर राहते, फळी शाबूत राहते. ती लांबट खाच वरून उघडी ठेवली तर घाण भरणार म्हणून तिच्यावर एबनीचं चौकोनी बूच. आणि ते बूच सपाट नाही, किंचित वर आलेलं आणि उशीसारखं गोलसर घासलेलं. फसवायचंच असतं तर त्याच लाकडाचं, त्याच रंगाचं बूच मारून सपाट घासलं असतं, कुणालाही कळलं नसतं. महोगनीवर काळं एबनी लावणारा माणूस तुम्हाला बोट दाखवून सांगतोय की इथे बघ, इथे जोड आहे.

शंभर वर्षांवर झाली, ती टेबलं चिरलेली नाहीत. हा माझ्या दृष्टीने प्रामाणिकपणा.

अजून एक. सगळे ग्रीन बंधूंचं नाव घेतात पण काम केलंय पीटर आणि जॉन हॉल या भावांनी, स्वीडनमधून आलेले. पीटर ठेकेदार, जॉन फर्निचर बघायचा. ज्यांना जोड कळतो त्यांनी जॉन हॉलचं नाव पण घ्यावं. चित्र काढणारा आणि ते उतरवणारा असे दोघं लागतात, आणि असे दोघं एकाच गावात एकाच वेळी सापडणं हे त्या गावाचं नशीब.

चौकट

@रंधा_पटाशी लांबट खाचेचा मुद्दा इतका नीट मी कुठल्या लेक्चरमध्ये ऐकला नव्हता, मनापासून आभार. माझ्या इंटर्न मुलांना हा प्रतिसाद वाचायला देतोय. टेबलापुरतं तुमचं म्हणणं मान्य. बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या कोनाड्यावर जी मोठी लाकडी तुळई दिसते ती घर पेलण्यापेक्षा खोली सजवण्यासाठी जास्त आहे, तिच्याबद्दल माझा आक्षेप कायम. आणि पैशाचा मुद्दाही.

निवांत_पार

पैशाच्या मुद्द्यावर मला बोलायचंय. हे घर म्हणजे एका मोठ्या लाटेचं टोक आहे, एकटं नाही. पॅसाडेनातच बंगलो हेवन नावाचा अख्खा भाग आहे, त्याच काळातली शेकडो छोटी घरं, दोन बेडरूमची, समोर पडवी, बुटकं छप्पर, बाहेर आलेले वासे, शिक्षक, कारकून, दुकानदार अशा लोकांनी बांधलेली. १९८९ मध्ये शहराने त्या सगळ्या वस्तीला संरक्षण दिलं. शिवाय १९०८ पासून १९४० च्या सुमारापर्यंत सीअर्स कंपनी कॅटलॉगमधून घरं विकायची, सगळं लाकूड रेल्वेने यायचं, पुढे पुढे तर मापात कापूनच. तेव्हा गॅम्बल हाऊसमधली वळचण आणि पडवी साध्या माणसाच्या घरातही होतीच, फक्त बर्मा टीकच्या जागी स्वस्त पाईन. आम्ही भाड्याने राहायचो ते घर तसलंच होतं, पडवीत बसून इतके संध्याकाळचे चहा झालेत की आजही तीच जागा आठवते.

हापूसवाला_रत्नांग्री

बर्मा टीकचा उल्लेख आला आणि राहवलं नाही. डोंगरवाट, तुम्ही विचारलंत ना आपल्याकडे त्याच काळातलं काय आहे, आमच्या रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे, १९१० चा, म्हणजे गॅम्बल हाऊसचा अगदी समवयस्क. आणि दोन्हींच्या मधला धागा सागवानाचाच आहे, ऐका.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत १८६३ साली निघालेली कंपनी, ब्रह्मदेशातलं सागवान तोडून विकणं हा तिचा मुख्य धंदा. १८८५ मध्ये थिबा राजाच्या दरबाराने कंपनीला मोठा दंड ठोकला, कारण सांगितलं त्यापेक्षा जास्त ओंडके तोडले म्हणून. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरात लढाई झाली, पंधरवड्यात मंडाले पडलं, राजा-राणीला उचलून आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत म्हणून चालला आणि तिथलं सागवान इंग्रजांच्या ताब्यातून जगभर गेलं. कॅलिफोर्नियातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात १९०८ मध्ये बर्मा टीक सहज पोचत होतं त्याच्या मागे हा इतिहास आहे.

आणि ज्याचं जंगल गेलं तो राजा वीस-पंचवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढून १९१० मध्ये या राजवाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये गेला. सहा वर्षं. वाडा तीन मजली, लाल, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांवर लाकडी कोरीवकाम आणि रंगीत काचा, आत संगमरवरी फरशीचा मोठा हॉल. मागच्या बाजूने खाली खाडी दिसते. पण गॅम्बल हाऊसशी फरक असा की हा सरकारने एका कैद्यासाठी बांधलेला वाडा आहे. राजेशाही दिसावा पण राजा पळून जाऊ नये. आता तिथे म्युझियम आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला येऊन गेले.

लहानपणी आम्ही शाळेतून जायचो तेव्हा त्या खिडक्यांकडे कुणी बघायलाही सांगितलं नाही, नुसतं "इथे ब्रह्मदेशचा राजा राहायचा" एवढंच. खरं तर एकेक खिडकी अर्धा तास उभं राहून बघावी अशी आहे.

डोंगरवाट

@हापूसवाला_रत्नांग्री हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे. बैठकीच्या खोलीतलं ते लाकूड आता मला वेगळंच दिसणार. गाईड लोक तिथे "बर्मीज टीक" एवढंच सांगून पुढे जातात, पुढच्या वेळी मी थिबाची गोष्ट त्यांना सांगणार आहे, ती तिथे सांगितली गेलीच पाहिजे.

धुकं_बर्कली

बे एरियातल्यांसाठी, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्यांसाठी. ग्रीन बंधूंचंच थॉर्सन हाऊस बर्कलीत आहे, १९०९ चं, मालक लाकडाचा व्यापारी. १९४० च्या दशकापासून तिथे सिग्मा फाय या विद्यार्थी संघटनेची मंडळी राहत आली. म्हणजे एका घराचं म्युझियम झालं आणि दुसऱ्यात मुलं जेवली, झोपली, पार्ट्या केल्या, तरी लाकूडकाम टिकलं. चांगल्या जोडाची हीच खरी परीक्षा वाटते मला.

उलट पॅसाडेनातलं ब्लॅकर हाऊस, १९०७ चं, तेही यांचंच. १९८५ मध्ये ते विकलं गेलं आणि नव्या मालकाने आतले दिवे, काचा उपसून वेगळ्या विकायला काढल्या. गावात एवढा संताप झाला की असले जुने भाग उपसून नेण्याविरुद्ध शहराने नियम केला. पुढच्या मालकांनी नंतर घर मोठ्या मेहनतीने परत उभं केलं, दिव्यांच्या हुबेहूब प्रती करून घेतल्या.

कौलारू

ब्लॅकर हाऊसचं वाचून आमचा सातारकडचा वाडा आठवला. तिथेही आधी एक जण आला आणि फक्त दारं आणि खांब घेऊन गेला, चांगले पैसे दिले म्हणून घरच्यांनी विकले. ते खांब आता कुठल्यातरी रिसॉर्टच्या रिसेप्शनला असतील. वाडा त्यानंतर दोनच पावसाळे टिकला. खांब काढल्यावर वरचं कोण धरणार? गावागावात हे चालू आहे आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला हे थांबवायचं सुचतसुद्धा नाही. पॅसाडेनासारखा एक साधा नियम, की वाड्याचा कुठलाही भाग विकण्याआधी परवानगी लागेल, एवढा जरी झाला तरी खूप वाचेल. चौकट, तुमच्या आर्किटेक्ट लोकांनी हे लावून धरा ना.

चौकट

@कौलारू अगदी खरं. वारसा यादीत नाव असलेल्या वास्तूंना शहरात थोडंफार संरक्षण आहे पण तालुक्याच्या गावातला वाडा यादीतच नसतो. निदान उतरवायच्या आधी मापं घेऊन नकाशे करून ठेवायचं काम कॉलेजची मुलं करू शकतात. कुणाच्या गावात वाडा उतरवणार असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, विद्यार्थी पाठवायची व्यवस्था बघतो. युएससीची शेवटच्या वर्षाची दोन मुलं कित्येक वर्षं दरवर्षी गॅम्बल हाऊसमध्येच राहत आली, नोकरांच्या जुन्या खोल्यांत, तसं काही आपल्या एखाद्या वाड्यात करता आलं तर किती शिकतील.

मिरजमळा

डिसेंबरात मुलाकडे येतोय, जायचं नक्की केलं. मला आणि ह्यांना गुडघ्याचा त्रास आहे, जिने चढावे लागतात का? आणि बारा वर्षांच्या नातवाला कंटाळा येईल का?

डोंगरवाट

@मिरजमळा काकू, जरूर या. सगळं बघायचं तर जिना आहे, पण पायऱ्या बुटक्या आणि सावकाश चढणाऱ्या आहेत. नाही जमलं तर तळमजल्यावरचा हॉल, बैठक, जेवणाची खोली आणि मागचा ओटा एवढं बघूनही समाधान होतं. गाईडबरोबरच आत सोडतात, तिकीट आधी ऑनलाईन काढा, डिसेंबरात सुट्ट्यांची गर्दी असते. शक्यतो सकाळची वेळ घ्या, दारातलं झाड तेव्हाच बघायचं. नातवाला आत जायच्या आधी सांगा की भिंतीवरच्या कोरीव रेडवुडच्या पट्टीत वटवाघळं शोधून काढ, आणि छताचे कंदील चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेत ते दाखवा. जुन्या गॅरेजमध्ये पुस्तकांचं दुकान आहे.

रंधा_पटाशी

डोंगरवाट, एक काम होतं. त्या जिन्याच्या कठड्याची बोटं पृष्ठभागाच्या साधारण किती वर आलीत ते नजरेने बघून सांगाल का, दोन मिलिमीटर की तीन? वर्कशॉपमध्ये दोन मुलांना एक नमुना करायला देतोय, सागवानातच.